वैशू, तो फक्त तुझे शब्द परत बोलला

वैशू, तुझ्या खात्याने तुला फसवलं. विमानतळाच्या टॉवरला नवी माणसं मिळणार असं तुला वाटू दिलं, त्या जोरावर आंदोलनाची नोटीस मागे घ्यायला लावली, आणि माणसं दिली नाहीत. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण तू गेल्यापासून तुझ्याबद्दल जे बोललं जातंय त्यात हे कुठेच नाही. सगळे म्हणतात, फार कर्तव्यदक्ष होती. होतीसच. पण कर्तव्यदक्ष माणसाला फसवणं सगळ्यांत सोपं असतं, हे आपल्या चौकात रस्त्याकडेला काकड्या विकणारी बाईसुद्धा सांगेल.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सकाळी ड्युटी संपवून तू खात्याच्या गाडीत बसलीस, खिडकीला डोकं टेकलंस आणि तुझं घर आलं तेव्हा उठली नाहीस. मी डॉक्टरांना विचारलं, जादा ड्युटीमुळे का? ते म्हणाले, तसं लिहून देता येत नाही. ठीक आहे. मीही तसं म्हणत नाही. जे सिद्ध करता येत नाही ते सौद्यात मांडायचं नाही, नाहीतर समोरचा तेवढंच धरून बसतो आणि बाकीचं सगळं उडवून लावतो. मी फक्त फसवणुकीचं बोलते. ती मला पक्की माहीत आहे, कारण ती झाली त्याच दिवशी तू मला फोन केला होतास.

तुझा टॉवर कुठल्या शहरातला, ते मी लिहीत नाही. तुझ्यामागे तिथे बसलेल्या पोरींना उगाच त्रास नको. वस्तीतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की तू विमानात चहा-नाश्ता द्यायचीस. मावशीला तू एकदा बसवून समजावलं होतंस, की मी विमानात नसते, मी जमिनीवर असते, पडद्यावर बघते आणि पायलटला सांगते, एवढ्या उंचीवर थांब, आता खाली ये, आता वळ. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी काम बसूनच हाय. बरं हाय मंग." तू किती हसली होतीस. मला नव्हतं हसू आलं. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला विचारा, बसून काम म्हणजे काय ते.

मी थोरली बहीण दहावीनंतर चुलीपुढे बसले आणि तू पुढे शिकलीस, याचा मला कधी हेवा वाटला नाही. मला माझा धंदा आवडला. एका तव्यावर सुरू करून खानावळ केली, कळंबच्या रिसॉर्टवाल्यांना भाकऱ्या, बिरडं, मटण पुरवायला लागले. कोणाची ओळख नव्हती, तोंड तेवढं होतं. तुझंही तोंड घरी माझ्यासारखंच होतं. भाजीत मीठ कमी पडलं तर तू आख्खं घर डोक्यावर घ्यायचीस. म्हणून तुझ्या नोकरीबद्दल मला खरंच प्रश्न पडायचा, की ही भांडकुदळ पोरगी आकाशातल्या माणसांशी बोलते तरी कशी?

ते मला तू सुट्टीत आलीस तेव्हा कळलं. शनिवार होता, रिसॉर्टची मोठी ऑर्डर होती, आणि भाकऱ्या थापणारी सुमन जेवायला उठून तिच्या जागी लता बसत होती. तू दारात उभी राहून बघत होतीस. एकदम म्हणालीस, "थांब. सुमन, अशी उटू नको. तिला सांग."

"काय सांगू?"

"तव्यावर किती हाईत, पीठ किती उरलंय, कोनाच्या झाल्या, कोनाच्या ऱ्हायल्या."

सुमनने सांगितलं. तू लताला म्हणालीस, "आता तू परत बोल. तिनं काय सांगितलं?"

"अगं बाय, ही काय इमानं हाईत का?" लता म्हणाली. "भाकर करपली तर कुत्र्याला जाईल!"

"परत बोल."

लताने परत बोलून दाखवलं, आणि त्यात खरंच एका रिसॉर्टची भाकरी विसरली. तू तिला दुरुस्त केलंस. मग सुमनला म्हणालीस, "आता जरा मागं उभी ऱ्हा. लगेच जाऊ नको. ती नीट करते का बग, मग जा." बाया पोट धरून हसत होत्या. पण त्या दिवसापासून माझ्याकडे एकही ऑर्डर चुकली नाही. अजून तसंच चालतं. चूल सोडणारी सांगते, बसणारी परत बोलते, आणि सोडणारी क्षणभर मागे उभी राहते. रिसॉर्टच्या मॅनेजरला वाटतं, हे मी कुठेतरी शिकून आले. मी त्याला काही सांगत नाही.

तेव्हा तू मला म्हणाली होतीस, की आमच्याकडे जे परत बोललं गेलं नाही ते सांगितलंच नाही असं धरतात. पायलटने तुझा हुकूम बरोबर परत म्हटला, की ते काम झालं. तू पुढच्या विमानाकडे वळायचीस. इतकी वर्षं तू त्याच्यावर जगलीस. किती माणसं त्याच्यावर सुखरूप घरी गेली असतील, त्यांना तुझं नावही माहीत नाही.

आणि त्याच सवयीने तुला बुडवलं.

तुमच्याकडे माणसं कमी झाली होती. विमानं वाढत गेली, निवृत्त होणारे निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. दोन तासांनी खुर्ची सोडून विश्रांती घ्यायची हा नियम. पण सोडायची कोणाकडे? संप करायला तुम्हाला बंदी, कारण तुमची सेवा अत्यावश्यक. मला हे कधी उमगलं नाही. एवढी अत्यावश्यक आहे तर जागा रिकाम्या कशा? अत्यावश्यक फक्त बंदीपुरती आहे का? शेवटी तुमच्या संघटनेने नोटीस दिली, की आम्ही संप करणार नाही, फक्त नियमाप्रमाणे काम करू. दोन तास झाले की उठू. बदली माणूस नसेल तर तेवढी विमानं जमिनीवर थांबतील. आणि साहेबांशी बोलायला तुला पुढे केलं.

म्हणून तू माझ्याकडे शिकायला आलीस. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. इंजिनियर झालेली माझी बहीण सौदा कसा करायचा ते मला विचारायला आली. आपण मागच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसलो होतो.

"ताय, समोरचा मोटा मानूस असला की तू सुरुवात कशी करतेस गं?"

"करतच नाय. त्याला करू देते. आनि चप्पल काढत नाय."

"चप्पल?"

"चप्पल काढली की मानूस बसतो. बसला की उटायला लाजतो. गालिचा असला तरी मी चपलेसकट उभी ऱ्हाते. त्याला दिसलं पायजे, ही बाय आत्ता जाईल."

तू हातातला वाल सोललास. मग म्हणालीस, "आमचं उलटं हाय. आमाला उटताच येत नाय. बदली मानूस बसल्याबिगर खुर्ची सोडली तर वर मानसं हाईत."

"हे तुजा सायेब जानतो?"

"जाननारच. तोबी त्याच खुर्चीतनं वर गेलाय."

"मग तू जाऊच नको. ज्याला उटता येत नाय त्यानं सौद्याला बसू नाय. मला धाड."

"तुला? तू त्यांच्या टेबलावर वाल फेकशील."

"फेकीन. पन मानसं घेऊन येईन."

तू मला धाडलं नाहीस, ते बरोबरच. मला त्यांनी गेटातूनही आत घेतलं नसतं. तू गेलीस, आणि संध्याकाळी तुझा फोन आला. तुझा आवाज मी इतका आनंदी कधी ऐकला नव्हता.

"ताय, झालं! नोटीस मागं घेतली आमी."

"काय दिलं त्यानी?"

"शिकून येनाऱ्या पुढच्या तुकडीतली मानसं आमच्या टॉवरला. ती येईस्तोवर जादा तास बसायचं, तेवडं आमी मान्य केलं."

"त्यानं हो म्हटलं?"

"त्यानं सगळं परत बोलून दाखवलं. शब्दनशब्द. एकबी चुकला नाय."

"परत बोल्ला, की हो बोल्ला?"

"तुला सगळीकडं चोरच दिसतात," म्हणालीस आणि फोन ठेवलास.

वैशू, माझ्या धंद्यात जो आपली मागणी नीट परत बोलून दाखवतो, तो बहुतेक वेळा नाही म्हणायची तयारी करत असतो. 'म्हणजे मावशी, तुमचं म्हणणं असं की ताटामागे एवढे.' तोपर्यंत तो मनात दुसऱ्या खानावळीचा नंबर लावत असतो. देणारा माणूस परत बोलत नाही. तो म्हणतो, बरं, आणि पुढे काय ते विचारतो. पण तुझ्या जगात परत बोलणं म्हणजे काम होणं. आणि तो साहेब तुझ्याच जगातून वर गेलेला. तू ते तसंच समजशील हे त्याला ठाऊक नव्हतं, असं मला कोणी सांगू नये.

पुढची तुकडी आली ती दुसरीकडे गेली. तुम्ही विचारायला गेलात तर उत्तर मिळालं, आम्ही तुमची मागणी समजून घेतली होती, मान्य केली नव्हती. जादा तास मात्र चालू राहिले, कारण त्यांना तू खरोखर हो म्हटलं होतंस. तुझा होकार खरा होता म्हणून तो टिकला.

त्याच सुमाराला तू मला नव्या टॉवरचे फोटो पाठवलेस. सगळीकडे काच, खाली चकचकीत फरशी, नवे पडदे, नव्या खुर्च्या. मी विचारलं, ह्याला पैसा कुठून आला? तू म्हणालीस, बांधकामाचा पैसा वेगळा, माणसांचा वेगळा. बांधायला लगेच मंजुरी मिळते, माणूस वाढवायचा तर फाईल किती टेबलं फिरते त्याला हिशोब नाही. मी काय बोलणार? मी नवं हॉटेल बांधलं आणि जुन्याच दोन बायांना दुप्पट भाकऱ्या थापायला लावल्या, तर गिऱ्हाईक मला दोन दिवसांत ओळखेल. इमारतीची फीत कापता येते. पुरेशी झोप झालेल्या माणसाची फीत कापता येत नाही, म्हणून त्याला पैसा नसतो. माझी अक्कल तरी एवढंच सांगते.

बुद्धपौर्णिमेला तू घरी आलीस तेव्हा आपलं मोठं भांडण झालं. ते अर्धं राहिलं. मी म्हटलं, आता तरी ऊठ. दोन तास झाले की खुर्ची सोड, होऊ दे काय व्हायचं ते.

"नाय."

"बाबा संपात खोपोलीच्या कारखान्याच्या गेटावर बसले व्हते. उन्हापावसात. आपन चटनी-भाकर खाल्ली, पन बाबा आत गेले नाय. तू त्यांचीच पोर ना?"

तू माझ्याकडे बघितलंस. ओरडली नाहीस. मला वाटतं, पायलटशी बोलायचा तुझा आवाज मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. "बाबांनी मशीन बंद केली तेवा मशीनमदी मानसं नव्हती, ताय."

माझं तोंड बंद करणारी माणसं फार थोडी आहेत. रागाने मी म्हटलं, मग तुझी माणसं तुला कधीच मिळणार नाहीत. तू म्हणालीस, "मग नाय," आणि चहा टाकायला गेलीस.

त्याचं उत्तर मला आता सुचलंय, आणि तू ऐकायला नाहीस. ऐक तरी. खुर्ची रिकामी ठेवणारी तू नव्हतीस. ती आधीच रिकामी होती, त्यांनी ठेवलेली. तू ती स्वतःच्या अंगाने झाकत होतीस. तू झाकलीस म्हणून ती कोणालाच दिसली नाही. ना वर बसलेल्या प्रवाशांना, ना खाली बसलेल्या साहेबांना. मी अजूनही म्हणते, तू उठायला हवं होतंस. आणि मला हेही माहीत आहे, की तू उठली असतीस तर मी तुला आज जितकं मानते तितकं मानलं नसतं. या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही.

तू गेल्यावर तुझ्या हाताखाली शिकलेली रेश्मा घरी आली होती. तिने मला एक गोष्ट सांगितली, जी तू कधी सांगितली नाहीस. एक शिकाऊ पायलट एकटाच छोटं विमान घेऊन निघाला होता, धुरकट हवेत वाट चुकला, आणि त्याचा आवाज रडवेला झाला. रेश्मा शेजारी बसली होती. तू त्याला म्हणालीस, तू छान चालवतोयस, घाई नाही, मला फक्त सांग खाली काय दिसतंय. तो म्हणाला, नदी. नदीवर पूल आहे का? आहे. मग पुलाच्या कुठल्या बाजूला तू आहेस? असं एकेक विचारत तू त्याला खाली आणलंस. तेवढा वेळ इतर विमानंही तूच सांभाळलीस. तो उतरला, तू दुसऱ्याकडे खुर्ची सोपवलीस, नियमाप्रमाणे मागे उभी राहिलीस, मग कॅन्टीनमध्ये गेलीस आणि चहा गार दिला म्हणून तिथल्या माणसाला असं झापलंस की दोन दिवस तो तुमच्या मजल्यावर आला नाही.

मी इतकी रडले वैशू, आणि इतकी हसले. तो चहावाला मला भेटला तर मी त्याला जेवायला बोलावीन. तुझा सगळा राग तू जमिनीवर ठेवत होतीस. वर एक थेंबही जाऊ देत नव्हतीस. मी आयुष्यभर रागावर धंदा केला, पण राग कुठे ठेवायचा हे मला असं कधी जमलं नाही.

विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुझे साहेब आले होते. तेच, मीटिंगमधले. एवढ्या लांबून आले, त्याबद्दल आभार. ते चांगलं बोलले. म्हणाले, वैशालीताईंनी कधी खुर्ची सोडली नाही. लोकांनी माना डोलावल्या. मावशीने पदर डोळ्यांना लावला. चहाच्या वेळी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ताई, तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत."

"साहेब, वैशूला सांगितलेली माणसं टॉवरला कधी येणार?"

रेश्मा माझा हात ओढत होती. साहेबांनी कप खाली ठेवला, शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की रिक्त जागा लवकरात लवकर भरल्या जाव्यात, आणि तोपर्यंत जादा तास बंद करावेत."

एक शब्द चुकला नाही. आणि पुढे काहीही नाही.

मी म्हटलं, "साहेब, मी पायलट नाय. मला परत बोलून दाखवू नका. उत्तर द्या."

ते गाडीकडे गेले. वस्तीतले दोघंतिघं मला म्हणाले, बाई, आजच्या दिवशी तरी. मी म्हटलं, आजच्याच दिवशी. उद्या तो मला भेटणार आहे का?

जाताना रेश्माने सांगितलं, की तुझी जागाही भरलेली नाही. तुझे तास बाकीच्यांत वाटून दिलेत. आणि साहेबांशी बोलायला आता संघटनेने तिला पुढे केलंय. तिने मला विचारलं, "ताई, मी काय करू?" तिचे डोळे सुजलेले होते, तुझ्यासाठी रडून की झोप नसल्याने ते मला कळलं नाही. तुला शिकवलं तसं मी तिला काही शिकवलं नाही. एवढंच म्हटलं, की तो 'हो' किंवा 'नाही' म्हणेपर्यंत तू दुसरं काही बोलू नकोस.

तेवढं तिला सांगून भागणार नाही, म्हणून हे मी छापायला देते आहे. वैशू, इथून पुढचं तुझ्यासाठी नाही.

खातं कधी काही ठरवत नाही. खात्यातला एखादा माणूस ठरवतो. तर ज्याने ती तुकडी माझ्या बहिणीच्या टॉवरऐवजी दुसरीकडे पाठवली, त्याने आपलं नाव आणि हुद्दा सांगावा. कशासाठी पाठवली ते सांगावं. पैसा नव्हता म्हणत असाल तर नव्या टॉवरच्या काचेला कुठून आला ते सांगा. मला सांगू नका, मी बाहेरची बाई आहे. त्या टॉवरवर आज जादा तास बसलेल्या पोरींना समोर बसवून सांगा, की नवी माणसं येणार आहेत की नाहीत. 'नाही' म्हणालात तरी चालेल. 'नाही'शी कसं भांडायचं ते मला येतं आणि मी ते रेश्माला शिकवीन. पण बोला. कोणी ठरवलं?